इंटर्नशिपला गेलेल्या मुलींना मशीन मिळावी म्हणून: सांगली-मिरजेतल्या कॉलेजांसाठी कामाची पद्धत

कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन बघा. मुलगे व्हीएमसीपाशी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) सेटरच्या, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्या कारागिराच्या, बाजूला उभे असतात आणि मुली क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, काचेच्या खोलीत इन्स्पेक्शन रिपोर्ट टाइप करत बसलेल्या असतात. हे कुणी ठरवून केलेलं नसतं. फोरमनला वाटतं, उगं कशाला पोरींना तेलात हात घालायला लावायचा. एचआरला वाटतं, एसीत बसवलं म्हणजे काळजी घेतली. पहिले दोन दिवस मुलींनाही ते बरंच वाटतं. पण आठ आठवड्यांनी मुलाला फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) बांधता येतं, टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) देता येतो, आणि मुलीला एक्सेल येतं, जे तिला आधीपासूनच येत होतं.

क्यूसीला मी कमी लेखत नाही. सीएमएमवर (अचूक मोजमाप घेणारं मशीन) जॉब, म्हणजे बनवलेला भाग, लावणं, गेजचं (मापाच्या साधनाचं) कॅलिब्रेशन समजून घेणं ही खरी कौशल्यं आहेत. प्रश्न असा आहे, की ती मुलीने निवडली की तिला तिथे बसवलं?

वर्गात मुली आता पुरेशा आहेत. राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत, आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं आहे. मेकॅनिकलच्या वर्गात चार मुली असायच्या ते दिवस गेले. शॉपवर मात्र जुनीच रीत चालते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला तेव्हापासून या जिल्ह्यात कामाच्या जागी शिकण्याची परंपरा आहे. मिस्त्रीच्या हाताखाली पोरगं तयार होतं, हे इथे सगळ्यांना कळतं. मिस्त्रीच्या हाताखाली पोरगीही तयार होते, हे मुद्दाम घडवून आणावं लागतं. ते कसं, ते पुढे लिहिलं आहे. लिहिताना डोळ्यांपुढे कॉलेजचे इंटर्नशिप समन्वयक आहेत, पण विद्यार्थ्यांनी आणि वर्कशॉपच्या मालकांनी वाचलं तरी चालेल.

१. मुलं पाठवण्याआधी तुम्ही जाऊन या

फोनवर "मुलींची सोय आहे का?" असं विचारलं की उत्तर "हो हो, आहे" असंच येतं. म्हणून प्रत्यक्ष जा, आणि एचआरच्या केबिनमधून परत येऊ नका. शॉपपर्यंत जा.

पहिल्यांदा स्वच्छतागृह बघा. ते आहे की नाही एवढंच बघून भागत नाही. आतून कडी लागते का, पाणी येतं का, दिवा आहे का, झाकणाची कचरापेटी आहे का? किल्ली कुणाकडे असते? ती ऑफिसमधल्या मॅडमकडे असेल आणि मॅडम साडेपाचला घरी जात असतील, तर दुसऱ्या पाळीत ते स्वच्छतागृह नसल्यातच जमा. शॉपपासून ते किती लांब आहे, हेही चालून बघा. स्त्रियांसाठी वेगळ्या, बंदिस्त शौचालयाची अट १९४८ च्या कारखाने कायद्यातच होती, त्यामुळे तुम्ही काही मेहेरबानी मागत नाही. दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी दरवर्षी बघतो. कारण विचारलं की त्या हसून विषय बदलतात.

दहा-बारा माणसांच्या लहान वर्कशॉपमध्ये वेगळी सोय नसतेच. अशा ठिकाणांवर सरसकट फुली मारू नका, कारण काम शिकायला हीच जागा सगळ्यात चांगली असते. मोठ्या कंपनीत मशीनला हात लावायला परवानग्या लागतात, लहान वर्कशॉपमध्ये मालक स्वतः शेजारी उभं राहून शिकवतो. मालकाशी स्पष्ट बोला. आहे त्या एका शौचालयाला आतून कडी आणि बाहेर 'आत कोणी आहे' अशी पाटी एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं. काही ठिकाणी शेजारच्या युनिटशी बोलून सोय होते.

कपडे बदलायची जागा लोक विसरतात. बॉयलर सूट स्टोअरच्या रॅकमागे बदलायचा म्हटलं, की मुलगी बॉयलर सूट घालतच नाही. आणि बॉयलर सूट नाही म्हणजे मशीनही नाही.

मग वाट बघा. विटा, तासगाव, कवठे महांकाळकडून येणाऱ्या मुलीला सकाळी सातची पाळी गाठता येईल अशी एसटी आहे का? थांब्यापासून गेटपर्यंत रस्त्यावर दिवे आहेत का? मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा भार हलका झाला, पण वेळापत्रक काही बदललं नाही. अडचण फक्त पहिल्या बसची असेल तर अर्ध्या तासाची सवलत मागा आणि ती सगळ्या इंटर्नना मागा. एकट्या मुलीला उशिरा यायची मुभा दिली, की पहिल्याच आठवड्यात तिच्यावर 'हिचं वेगळंच असतं' असा शिक्का बसतो.

२. पत्रातलं एक वाक्य काढून टाका

मुलींना क्यूसीत बसवण्याची सुरुवात पुष्कळदा कंपनीकडून होत नाही, आपल्याच पत्रातून होते. "विद्यार्थिनींना शक्यतो कार्यालयीन स्वरूपाचे काम द्यावे" हे वाक्य कित्येक विभागांच्या पत्राच्या नमुन्यात वर्षानुवर्षं पडून आहे. काळजीपोटी कुणीतरी कधीतरी घातलं असणार. ते काढा आणि त्या जागी लिहा: "सर्व विद्यार्थ्यांना सर्व विभागांत समान कालावधीसाठी फिरते काम द्यावे. साप्ताहिक नोंदवहीवर विभागप्रमुखांची सही असावी."

जागावाटपातही अशीच एक खोड आहे. चांगली पण लांबची कंपनी मुलांना, घराजवळची कुठलीही मुलींना. इस्लामपूरच्या मुलीला किर्लोस्करवाडीला जायचं असेल, तर "लांब पडेल" हे आपण ठरवायचं नाही. आधी गुण आणि आवड बघून कंपनी द्या, मग राहण्या-जाण्याचा प्रश्न सोडवायला बसा. तो पुष्कळदा सुटतो. किर्लोस्करवाडीला रेल्वे आहे, मिरजेत वसतिगृहं आहेत, कुणाची तरी आत्या-मावशी असतेच.

एका प्लांटला एकटी मुलगी शक्यतो पाठवू नका, निदान दोघी असाव्यात. पण त्या दोघींना सतत एकाच टेबलावर ठेवू नका. जेवायला आणि जाता-येता सोबत असली की पुरे, कामावर त्या वेगवेगळ्या विभागांत असाव्यात.

पालकांशी आधीच बोला. इंटर्नशिप सुरू झाल्यावर वडिलांचा फोन येतो, "सर, तिला ऑफिसातच ठेवा, मशीनबिशीन नको." तोवर उशीर झालेला असतो. आधीच्या बैठकीत कंपनीचा पत्ता, पाळीच्या वेळा, जबाबदार माणसाचा फोन नंबर आणि तुमचा नंबर हातात द्या, आणि त्याच कंपनीत आधी काम केलेली सीनिअर मुलगी बोलायला बसवा. वडिलांना सगळ्यात जास्त भरवसा तिच्या बोलण्याचा वाटतो, आपल्या भाषणाचा नव्हे.

३. बूट, बॉयलर सूट, केस

"ओढणी अडकेल, बाजूला उभी राहा." मुलीला मशीनपासून लांब ठेवण्याचं हे सगळ्यात सोपं कारण आहे, आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ते खरं आहे. फिरत्या चकात (मशीनचा जॉब पकडणारा भाग) ओढणी गेली तर जीव जातो. म्हणून हे कारण शिल्लकच ठेवायचं नाही.

इंटर्नशिपच्या महिनाभर आधी मापं घ्या. सेफ्टी शूज आयएस १५२९८ मानकाचे हवेत. दुकानांत साधारणपणे सहा नंबरच्या पुढचेच बूट ठेवलेले असतात. तीन, चार, पाच नंबर मागवावे लागतात आणि यायला वेळ लागतो. सैल बूट घालून, आत दोन मोजे चढवून चालणारी मुलगी पायरीवर अडखळते, आणि मग "बघा, म्हणून म्हणत होतो" हे ऐकायला मिळतं. बॉयलर सूटही पुरुषांच्या मापाचा आणून बाह्या दुमडायच्या नाहीत. दुमडलेली बाही हीच अडकणारी गोष्ट आहे. शिंप्याकडून मनगटाशी घट्ट बसेल अशी करून घ्या. हेल्मेटखाली उंच अंबाडा बसत नाही, त्यामुळे केस मानेवर बांधून टोपीत घालायचे आणि हनुवटीचा पट्टा लावायचा.

फाउंड्रीत जायचं असेल तर सुती कपडेच. सिंथेटिक कपड्यावर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. लेथ, ड्रिल अशा फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. नवीन मुलं सुरक्षेच्या नावाखाली हमखास घालतात.

आता नियम लिहिण्याची पद्धत. "मुलींनी ओढणी, बांगड्या घालू नयेत" अशी पाटी लावू नका. "फिरत्या मशीनजवळ कुणीही सैल कपडा, मोकळे केस, बांगडी, कडं, अंगठी, गळ्यातली साखळी, मनगटावरचा दोरा किंवा घड्याळ वापरू नये" असं लिहा. मुलांच्या हातातली कडी आणि गंडेदोरे तितकेच घातक असतात आणि त्यांना कुणी टोकत नाही. विवाहित मुलीच्या मंगळसूत्राचा प्रश्न येतो, तेव्हा नियम सगळ्यांना एकच असल्याचा फार उपयोग होतो. तिला एकटीला घरी समजावत बसावं लागत नाही.

४. तासांची नोंद: सगळ्यात कामाची पायरी

बाकी काही जमलं नाही तर निदान एवढं करा. नेहमीच्या लॉगबुकात "आज सीएनसी विभागाला भेट दिली" असली वाक्यं असतात. त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी रोज तीन रकाने भरायला लावा: किती तास नुसतं बघितलं, किती तास मदत केली, किती तास देखरेखीखाली स्वतः केलं. चौथ्या रकान्यात विभाग. मुलं-मुली दोघांनाही तीच वही. शनिवारी वहीचा फोटो समन्वयकाकडे.

दोन आठवड्यांत चित्र समोर येतं. "स्वतः केलं" या रकान्यात मुलाचे अकरा तास आणि मुलीचा एक, असं दिसलं की कुणाच्या हेतूवर बोट ठेवायची गरज उरत नाही, कागद पुढे ठेवला की झालं. काही कंपन्या विमा आणि सुरक्षेच्या कारणाने कुठल्याच इंटर्नला मशीन चालवू देत नाहीत. ते मान्य आहे. मग सगळ्यांच्याच रकान्यात शून्य दिसेल आणि पुढच्या वर्षी ती कंपनी निवडायची का, हे तुम्हाला ठरवता येईल.

फरक दिसला की फोरमनकडे जा, पण गाऱ्हाणं घेऊन जाऊ नका. अदलाबदल घेऊन जा. "साहेब, सोमवारपासून या दोघींना सेटरबरोबर उभं करा. क्यूसीला त्यांच्या जागी ही दोन पोरं देतो." या वाक्याला नकार देणं अवघड जातं, कारण त्यांचं क्यूसीचं काम अडत नाही. शिवाय मुलांनाही क्यूसी शिकायला मिळतं, जे त्यांना एरवी मिळालं नसतं.

"जड काम आहे, पोरींना झेपायचं नाही" हे हमखास येतं. जड चक किंवा व्हाइस एकट्या पुरुषानेही उचलायची नसते, त्यासाठी होइस्ट (वजन उचलणारं यंत्र) असतो. आठ तास वाकून उचलणाऱ्या ऑपरेटरची कंबर चाळिशीत जाते, हे शॉपवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलीच्या निमित्ताने होइस्ट वापरायची सवय लागली तर मामालोकच, म्हणजे शॉपवरचे जुने कामगारच, खूश होतात.

विद्यार्थिनींसाठी एक सांगणं. "मला चालवायला द्या" असं म्हणून थांबू नका, नेमकं छोटं काम मागा. "मामा, पुढचा जॉब मी क्लॅम्प करते, तुम्ही डायल बघा." किंवा, "ऑफसेट मी टाकते, एंटर दाबायच्या आधी तुम्हाला दाखवते." जुन्या सेटरला शिकवायची हौस असते, त्याला फक्त जॉब बिघडायची भीती असते. ती भीती काढणारं वाक्य तुम्ही बोललात की काम मिळतं. पहिल्या आठवड्यात मशीन पुसायला, चिप्स काढायला मागे राहू नका. शॉपवर ओळख तिथूनच होते. अर्थात मशीन बंद असतानाच.

५. पाळ्या आणि साखर कारखाने

आपल्याकडची खास अडचण म्हणजे गळीत हंगाम. मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलच्या मुलांना साखर कारखान्यात मिल हाऊस, बॉयलर, टर्बाइन, को-जन (कारखान्यातली वीजनिर्मिती) सगळं एकाच आवारात बघायला मिळतं, आणि हंगामात कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो. काही महत्त्वाची कामं, एखादी बिघाड-दुरुस्ती, रात्रीच होते. मुलीला रात्री बोलवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि ने-आण या तिन्हींची व्यवस्था आधी लागते. ती नसेल तर आग्रह धरू नका. पण "रात्रपाळी नाही म्हणजे दुरुस्तीही नाही" असंही होऊ देऊ नका. हंगाम संपल्यावर सगळी मशिनरी खोलून ओव्हरहॉलिंग होतं, तेही दिवसा. मिलचे रोलर, बेअरिंग, टर्बाइनची पाती उघडी बघायची तर तीच वेळ. इंटर्नशिपच्या तारखा तशा मागून घ्या, मुलांनाही त्याचा फायदाच होतो.

म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पंपगृहांबद्दलही हेच. जागा आडबाजूला आहेत, पण इतके मोठे पंप आणि मोटारी एकत्र बघायला आसपास दुसरीकडे मिळणार नाहीत. गट करून, कॉलेजच्या गाडीने जा. सिव्हिलच्या साइटवर तर बहुधा स्वच्छतागृहच नसतं. ठेकेदाराला फिरतं शौचालय ठेवायला सांगा. तिथल्या मजूर बायकांचीही सोय होईल, आणि खरं तर त्यांची सोय आधीच व्हायला हवी होती.

६. मुलांशी वेगळं बोला

मुलींची कार्यशाळा घेतो तशी मुलांचीही एक बैठक हवी, तासाभराची. भाषण नको, नेमक्या गोष्टी सांगा. परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. शॉपवर कुणी वाह्यात बोललं तर हसून साथ द्यायची नाही, तिथेच विषय तोडायचा. रिपोर्ट मुलींनी लिहायचा आणि डेमो मुलांनी द्यायचा, ही वाटणी बंद. तोंडी परीक्षेत मी आता पीपीटी बनवणाऱ्याला मशीनचा प्रश्न विचारतो आणि मशीनवर असलेल्याला रिपोर्टचा. एका वर्षात गटांनी कामं वाटून घ्यायची पद्धत बदलली.

जो मुलगा शांत आहे, ज्याची चाल-बोल इतरांसारखी 'मर्दानी' नाही, त्याची शॉपवर होणारी चेष्टा मुलींपेक्षा कमी नसते, आणि तो सांगायला येत नाही. त्याच्याकडे लक्ष असू द्या. ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांसाठी २०१९ चा कायदा आहे, नोकरीत भेदभावाला त्यात मनाई आहे आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. व्यवहारात मात्र अडतं गेट पासवर. कागदपत्रावरचं नाव एक, वापरातलं दुसरं. विद्यार्थ्याला आधी एकांतात विचारा, की कंपनीला काय सांगायचं आणि काय नाही. त्याच्या किंवा तिच्या संमतीशिवाय एक शब्दही बोलू नका.

७. तक्रार आली तर

हा भाग शांतपणे वाचून ठेवा, प्रसंग आल्यावर शोधायला वेळ नसतो.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्नलाही लागू आहे. 'कर्मचारी' या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार येतात, मोबदला मिळत असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य आणि एक सदस्य बाहेरची. समितीच नेमली नसेल तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. कुपवाडच्या लहान युनिटांसाठी हीच वाट आहे. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. तक्रारदाराचं नाव बाहेर फोडणं हाही कायद्याने गुन्हा धरला आहे.

कॉलेजं इथे एक पळवाट काढतात: "घटना कंपनीत घडली, आमचा संबंध नाही." संबंध आहे. यूजीसीच्या २०१५ च्या नियमावलीत 'कॅम्पस'च्या व्याख्येत इंटर्नशिपची जागासुद्धा धरलेली आहे, आणि विद्यार्थिनींबरोबरच काही मुलगे व तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा मुलगी तुमच्याकडे आली की तिला कंपनीच्या एचआरकडे परत ढकलू नका. तिचं म्हणणं मध्ये न बोलता ऐका, तारीख-वेळ तिच्याच शब्दांत लिहून घ्या, मेसेज किंवा कॉलचे स्क्रीनशॉट जपायला सांगा, कॉलेजच्या समितीला त्याच दिवशी कळवा. तिला त्या विभागात परत पाठवायचं की नाही, हे ती ठरवेल. आणि तिची इंटर्नशिप अर्धवट राहिली म्हणून गुण कापले जाणार नाहीत, हे विभागाने लेखी द्यावं. बहुतेक मुली गप्प बसतात त्या या एका भीतीने. तातडीचा धोका असेल तर ११२, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. हे नंबर आणि कंपनीच्या समितीतल्या एका सदस्याचं नाव पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

८. गुण देताना आणि परत आल्यावर

कंपनीचा अभिप्राय फॉर्म एकदा नीट वाचा. मुलांबद्दल "मशीन हँडलिंग चांगलं, पुढाकार घेतो" आणि मुलींबद्दल "शांत, नम्र, वक्तशीर" असं येत असेल, तर फॉर्मच बदला. कामांची यादी द्या: ड्रॉइंग वाचता येतं का, सेटअप करता येतो का, मापन करता येतं का, बिघाडाचं कारण शोधता येतं का. प्रत्येकापुढे गुण. स्वभावाचा रकाना नकोच.

इंटर्नशिपमधून नोकरीची विचारणा झाली, की मुलींना "लग्नाचं काय ठरलंय?" असं विचारलं जातं. मुलींनी याचं उत्तर तयार ठेवावं: "कामासाठी लागणाऱ्या वेळा आणि बदलीच्या अटी मला मान्य आहेत." बस्स, पुढे एक शब्द नाही. आणि हा प्रश्न विचारला गेल्याचं प्लेसमेंट अधिकाऱ्याला कळवावं, म्हणजे पुढच्या वेळी कंपनीशी ते आधीच बोलतील.

शेवटी प्रत्येक कंपनीची एक पानाची फाइल करा. स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे, सातच्या पाळीला कुठली बस, कुठला सेटर मनापासून शिकवतो, "स्वतः केलं" या रकान्यात मुला-मुलींचे सरासरी तास किती, बुटांचे कुठले नंबर मागवावे लागले. बॅच परतली की आठवड्याच्या आत हे पान मुलींकडून आणि मुलांकडून वेगवेगळं भरून घ्या आणि पुढच्या वर्षीचं जागावाटप करताना ते टेबलावर ठेवा.